अंदाजे सरांचा हायमास्ट

लोक नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात. आमचे सर नीट दिसावं म्हणून चष्मा काढायचे. दिवसभर त्या जाड भिंगांआडून जगाकडे रागारागाने बघायचे आणि आकाशाकडे बघायची वेळ आली की चष्मा सदऱ्याच्या खिशात टाकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय. एका पाहुण्याने तर संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला होता. सरांनी त्याला पलीकडे पोचल्यावर चांगलाच झापला होता.

चष्मा का काढायचा, हे त्यांनी मला मी त्यांच्या वर्गात असतानाच सांगितलं होतं. तारा म्हणजे टिंब आणि धूमकेतू म्हणजे धुरकट गोळा. टिंबाची आणि गोळ्याची बरोबरी कशी करणार? पण लांबचं न दिसणाऱ्या माणसाने चष्मा काढला की ताराही धुरकट गोळा होतो. मग गोळ्याशी गोळा ताडून बघायचा, की कोण जास्त उजळ. "आंधळेपणाचा बी उपयोग असतो, पोरी," ते म्हणाले होते. "फक्त तो कुठं वापरायचा ते कळाया पायजे."

अंदाजे सर हे नाव पोरांनी ठेवलेलं. धूमकेतूपेक्षा थोडा उजळ एक तारा धरायचा, थोडा मंद एक धरायचा आणि त्या दोघांच्या मध्ये धूमकेतू कुठे बसतो ते ठरवायचं, याला ते अंदाज म्हणत. हा शब्द दुसऱ्या कुणी सैल वापरलेला त्यांना खपत नसे. ग्रामसेवकाने एकदा काम अंदाजे पंधरा दिवसांत होईल असं सांगितलं, तर सरांनी त्याला भर चावडीत धरला. "अंदाज म्हंजी थापा न्हाईत," ते म्हणाले. "ठाऊक असलेल्या दोन गोष्टींच्या मधी तिसरी बसवायची, त्याला अंदाज म्हणत्यात. तुमच्याकडं ठाऊक असलेलं काय हाय, ते आधी सांगा." ग्रामसेवक नंतर सर दिसले की दुसऱ्या गल्लीने जायचा.

शेंडेनक्षत्र हा शब्द मात्र त्यांना आवडायचा. धूमकेतूला शेंडी आहे हे आपल्या आज्यांनी बरोबर पाहिलं, असं ते म्हणत. चिडायचे ते पुढच्या वाक्यावर, ते निघालं म्हणजे काहीतरी वाईट घडणार. शेजारच्या काकूंची शेळी मेली आणि काकूंनी ते शेंडेनक्षत्रावर ढकललं, तेव्हा सरांनी विचारलं, गेल्या साली तुमच्या दोन शेळ्या मेल्या त्या कोणत्या नक्षत्राने मारल्या? काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग जनावरांच्या डॉक्टरला घेऊन सरच त्यांच्या दारात गेले.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या काठाला. गल्लीत दिवा नव्हता. पावसाळ्यात ओढ्याकडून साप यायचे, बायका मोबाईलच्या उजेडात पाय टाकायच्या. दिव्यासाठी सरांनी पंचायतीच्या इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई त्यांना न विचारता चहा आणायचा. शेवटी उंच खांबावरच्या दिव्यांचा हायमास्ट मंजूर झाला. खांब आला, क्रेन आली आणि तो उभा राहिला गावाच्या पश्चिमेला, पंचायत समितीच्या सभापतींच्या प्लॉटिंगवर. तिथे चुन्याच्या रेघा आणि एक कमान, एवढंच होतं. माणूस नव्हताच. दिवा लागला तो कुत्र्यांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी. आमची गल्ली तशीच राहिली आणि वर सरांचं पश्चिमेचं आकाश गेलं.

लोकांनी मग उलटीच बोंब मारली. हाच माणूस दिवा मागत होता, आता हाच बंद करा म्हणतो, याला ताऱ्यांचं पडलंय, माणसांचं नाही. हे बोलणाऱ्यांत आमच्या वस्तीतलेही होते, हे मला अजून सलतं. सर कमानीखाली उभं राहून एकदाच म्हणाले, "दिवा नको असं मी कवा म्हणलो? जिथं माणूस हाय तिथं लावा. हितं कुणाला दिसायचं हाय?" खांब हलला नाही.

त्यांच्या गच्चीवर जिन्याची भिंत होती, चुन्याने पांढरी केलेली. तिच्यावर ते निळीचे ठिपके द्यायचे. आडवं अंतर म्हणजे दिवस, उंची म्हणजे धूमकेतूचं तेज. धूमकेतू सूर्याकडे झेपावतो तसा उजळत जातो, वळसा घालून परतताना उतरत जातो. ठिपके जोडले की कमान होते. भिंतीवरची आधीची कमान अर्धीच होती. तो धूमकेतू सूर्याला वळसा घालतानाच फुटून विरला होता. अर्ध्यावरून काही कळत नाही, जाताना तो कसा होता आणि सोसून आल्यावर कसा झाला हे दोन्ही पाहिजे, असं सर म्हणायचे. नव्या धूमकेतूची चढती बाजू त्यांनी पहाटे पहाटे उठून पुरी केली होती. मग तो सूर्याच्या उजेडात बुडाला. आता तो वाचला, तर मावळतीला दिसणार होता, सूर्य बुडाल्यावर जेमतेम अर्धा तास. ती पहिली संध्याकाळ त्यांना हवी होती. त्यांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी हृदयाचं काही चांगलं सांगितलं नव्हतं. असा दुसरा आपल्याला मिळणार नाही, हे ते सरळ बोलायचे.

मी त्यांना स्कूटीवरून धारूरच्या किल्ल्याकडे नेणार होते. तिथून बालाघाटाच्या पलीकडे पश्चिम मोकळी दिसते. सगळं ठरलं होतं. आदल्या दिवशी सभापतींचा माणूस आला. सरांनी कुठे लांब जायचं नाही, आपण हायमास्ट बंद ठेवतो, खुर्ची टाकतो, सरांनी फक्त यायचं, असं सभापतींनी सांगितलं होतं. सरांनी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्यांदा ऐकलं त्यानं. जाऊ."

सभापतींनी शब्द पाळला. हायमास्ट बंदच होता. पण कमानीवर फ्लेक्स होता, भव्य धूमकेतू दर्शन सोहळा, आणि त्यावर सभापतींचा चेहरा धूमकेतूपेक्षा मोठा. मंडप होता, डीजे होता आणि वरातीत असतात तसले फिरते झोत होते, थेट आभाळात सोडलेले. सूर्य बुडाला तेव्हा सूत्रसंचालक मान्यवरांची नावं घेत होता. शुक्र दिसला, वर स्वातीचा तारा दिसला, आणि त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी सरांचा धूमकेतू होता. सर उठून मंडपाबाहेर निघाले, तर कार्यकर्त्यांनी त्यांना धरून स्टेजवर नेलं. सत्कार होता. शाल घातली, नारळ दिला आणि फेटा बांधला. फेटा चष्म्याच्या काड्यांवरून बांधला.

सरांना चष्मा काढता येईना. ते दोन्ही हातांनी काड्या ओढत होते आणि बांधणारा त्यांचे हात धरून म्हणत होता, राहू द्या सर, मानाचा हाय. मी स्टेजवर चढले. मला वाटलं, लोक अडवतील. लोक फोटो काढत होते. मी फेटा ओरबाडून काढेपर्यंत सभापतींचं भाषण सुरू झालं होतं, आणि सरांनी चष्मा काढून पश्चिमेकडे पाहिलं तेव्हा तिथे डोंगराची काळी कड होती आणि तिच्यावर फिरणारे जांभळे झोत. शुक्रही गेला होता. सरांनी माइक घेतला. "अर्धा तास व्हता," ते म्हणाले. "तुमी खाल्ला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून परतीचा पाऊस लागला. ढग हटले तेव्हा धूमकेतू पार उतरला होता. सरांनी गच्चीवरून एकदा पाहिला, पण ठिपका दिला नाही. मधलं सगळं गेल्यावर हा एकटा कशाला जोडायचा, असं म्हणाले. थंडीत ते गेले. जाण्याआधी त्यांनी मला भिंतीला चुना लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी लावू दिलेला नाही. दोन कमानी आहेत, दोन्ही अर्ध्या. पहिलीचं मला वाईट वाटत नाही, ती सूर्याने तोडली.

शोकसभेत सभापती रडले. खरंच रडले असावेत, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. सरांनी गावाचं नाव आभाळात नेलं, असं म्हणाले आणि त्यांच्या स्मरणार्थ दुसरा हायमास्ट जाहीर केला. मी उभी राहून म्हटलं, आमच्या गल्लीत लावा, सरांनी तिथेच मागितला होता. त्यांनी मान डोलावली, बाजूच्याला काही सांगितलं आणि मला म्हणाले, "बघू ताई. अंदाजे महिनाभरात."

तो लागला. प्लॉटिंगवर, पहिल्याच्या शेजारी. खांबाला पाटी आहे, पाटीवर सरांचं नाव आहे आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत सौजन्य. आमच्या गल्लीत अजून मोबाईलच्या उजेडात चालतात. मलाही लांबचं दिसत नाही. संध्याकाळी कामावरून येताना त्या कमानीपाशी आले की मी चष्मा काढते. पाटीवरचं नाव पुसलं जातं, सौजन्यही पुसलं जातं. दिवे तेवढे मोठे होतात.