मामांची दुनळी रायफल

एखादी वस्तू विकत न घेता तिच्याच नादात नऊ वर्षं सुखात काढलेला माणूस तुम्ही पाहिला आहे काय? नसेल, तर माझे रहिमतपूरचे मामा पाहा. पलटणीतून सुभेदार होऊन परतल्यावर त्यांनी ऊस लावला आणि शिकारीसाठी आयुष्यातली पहिली दुनळी रायफल घ्यायचं ठरवलं. दोन नळ्या, दोन चाप. "गवा एकदा इचारून थांबत न्हाई," ते म्हणत, "दुसरं उत्तर तयार पायजे." बंदूक पारखायची त्यांची रीत एकच. डोळे मिटून ती खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, तेव्हा बरोबर नेमात दिसली, तर बंदूक आपली. सरावासाठी ते उसाच्या बांधावर काठीच खांद्याला लावत. समोरून येणारी माणसं आधी खाली वाकत, मग रामराम घालत.

साताऱ्याला पाहिलेल्या रायफलीचा खांद्याला टेकायचा दस्ता लांब निघाला. "हिच्यापायी हात लांब करून घिऊ व्हय?" खंडाळ्याच्या रायफलीचा चाप जड होता. वापरून हलका होईल, असं मालक म्हणाला. मामा म्हणाले, "तवर वाघाला दम धर म्हनावं." मामी एकदा वैतागल्या. "आवं, मला एका भेटीत पसंत केलंसा, आन् ह्या लोखंडाला नऊ वर्सं?" मामा शांतपणे उत्तरले, "तू चुकली असतीस, तर मलाच लागली असतीस."

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला, पत्रकंच लिहिणारा पोरगा. शिकार हा सरंजामी माज आहे, असं त्यांच्या तोंडावर सांगायचो. तरी प्रत्येक वेळी ते मला बरोबर नेत. "चल गड्या, इरोध करायला कुनीतरी पायजे." पण नवव्या वर्षीच्या हिवाळ्यात गवा मारायचा परवाना त्यांच्या खिशात होता. मामांनी रायफल घेतली तर त्यांच्याच दारात उभा राहून पत्रकं वाटीन, असा शब्द मी चळवळीतल्या सोबत्यांना देऊन बसलो होतो. शाळेची सहा वर्षं मी त्याच घरात जेवलो होतो.

सांगलीला एका निवृत्त इंजिनिअरांकडे विकायची एक रायफल निघाली. मामांनी डोळे मिटले, खांद्याला लावली, डोळे उघडले. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. "बसली," ते म्हणाले. त्यांनी रुमालानं नळी पुसली आणि रायफल टेबलावर परत ठेवली.

"काय खोट निघाली, सुभेदार?"

"खोट न्हाई. तीच पंचाईत हाय."

परतीच्या एस्टीनं पलूस मागे टाकलं. मग मामा आपणहून म्हणाले, "नेमात गवा दिसला रं. मान खाली घालून चरत हुता. पलटणीत लय बार काढलं, पन नळीम्होरं कोन हाय ते बघायला कवा सवड न्हाई मिळाली."

पुढे शिकारबंदीचा कायदा आला आणि आम्ही तो आपल्या पत्रकांचा विजय म्हणून मिरवला. मामांनी तो आधीच पाळला होता, एकही ओळ न लिहिता. त्या दारात मला उभं राहावं लागलं नाही, याबद्दलची कृतज्ञता मी अजून त्यांना बोलून दाखवलेली नाही.

आता त्यांना ऐकू कमी येतं, आणि येणारं-जाणारंही कुणी फारसं उरलेलं नाही. रहिमतपूरवरून जाणार असाल, तर तासभर उतरा. रायफलींचा विषय काढा आणि त्यांना पोटभर बोलू द्या. फक्त, किती जनावरं मारली, एवढं विचारू नका.