रविवारचा बाप

माले गावच्या एका गृहस्थाचा घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि सात वर्षांच्या मुलीचा ताबा त्याला हवा आहे. जमिनीच्या ताब्याबद्दल बोलावं त्याच सुरात तो त्याबद्दल बोलतो. निकाल लागेपर्यंत कोर्टाने त्याला रविवारी दोन तास भेट दिली आहे. बायको आमच्या शेजारी राहते आणि त्याला दारात उभं करत नाही, म्हणून भेट आमच्या पडवीत होते. चटई, रंगपेटी आणि पाण्याचा तांब्या मी आधीच मांडून ठेवते.

तो कडक इस्त्रीत येतो आणि बसायच्या आधी माझ्या हातात फोन देतो. "काकू, फोटू काढा. वकील म्हनला, जजसायबाला माया दिसाया पायजे." मग मुलीला मांडीवर ओढतो. "ए, हास की जरा!" फोटो मनासारखा आला की पडवीच्या टोकाला जाऊन फोनवर प्लॉटचे सौदे करत बसतो. मुलगी एकटीच चित्र रंगवते.

गेल्या रविवारी आल्या आल्या म्हणाला, "काकू, साक्षीला या. तुमच्या डोळ्यांदेखत हाय सगळं."

"येते की. जे बघते तेच सांगेन."

"तुमी लई चेष्टा करता," म्हणत तो हसला, फोन माझ्या हातात दिला आणि चटईवर टेकला.

मुलगी न बोलावताच उठली, त्याच्या मांडीवर जाऊन बसली, तिने दात दाखवले आणि तोंड तसंच ठेवून मला म्हणाली, "मावशी, लवकर काढ ना. मला उतरायचंय."