टमाटरचा मांडव

एप्रिल महिन्यात गच्चीवर टमाटरची रोपं लावणारी चिखलीत मी एकटीच बाई होते, आणि याचा मला अभिमान वाटत होता!

दोष त्या व्हिडिओतल्या गोऱ्या मॅडमचा. (स्वेटर घालून बागकाम करत होत्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.) त्यांनी बजावलं, थंडी पुरती गेल्याशिवाय टमाटर घराबाहेर लावू नका. मी आज्ञाधारक! फेब्रुवारीत थंडी सरली, तरी थांबले. मार्चमध्ये कूलर खाली काढला, तरी थांबले. उगाच धोका नको! एप्रिलमध्ये नळाच्या पाण्याने हात पोळला, तेव्हा माझी खात्री पटली की थंडी गेली. मग खिडकीत लेकरांसारखी वाढवलेली रोपं मी गच्चीवरच्या कुंड्यांत लावली.

दुपारपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या.

"सावली कर नं काही," आमचे हे म्हणाले. (हे म्हणजे माझे यजमान. एका दिवसात एवढंच बोलतात.)

गल्लीच्या तोंडाशी मुख्तारभाईंचं मांडवाचं दुकान आहे. मी जुनापुराणा कपडा मागितला. "भाभी, लग्नसराई है, सादा कपडा तो एक बी नहीं बचा," ते म्हणाले, "लेकिन आपका काम रुकने नहीं देता." संध्याकाळी स्वतः येऊन त्यांनी गच्चीवर गुलाबी-पिवळा मांडव ठोकला आणि वरून, केवळ प्रेमापोटी, झालर लावली. खालून कुंड्या अजिबात दिसत नव्हत्या. झालर मात्र बसस्टँडवरूनही दिसत असावी!

सकाळी समोरच्या लताकाकूंनी फाटकातच गाठलं.

"काऊन वं सुनिता, इतक्या उन्हाचं काढलं?"

"थंडी गेल्यावरच काढा लागते, काकू."

"अन् लेकरू कसं आहे?"

मला भरून आलं. माझ्या रोपांची एवढी काळजी! "मान टाकली पहा. घरात लाडानं वाढवलं, अन् एकदम बाहेर दिलं. असं होनारच."

काकूंचा आवाज बारीक झाला. "पसंत तं आहे नं त्याले?"

"त्याले कायची पसंती! एकदा मूळ धरलं का रुळते."

"माय वं!" म्हणत काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, झाडांवर इतकं प्रेम करणारी माणसं आता कुठे राहिलीत!

दुपारी पुण्याहून आमच्या प्रज्ञाचा फोन. ती तिथे नोकरी करते.

"आई, माझं लग्न आहे म्हणे. मुलगा काय करतो?"

"कोणाचा मुलगा?"

"अगं, तेच तर मी विचारतेय!"

मी हसून उडवून लावलं. पण हसू टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात डोणगावहून माझ्या थोरल्या नणंद वनमालाताई येऊन दारात उभ्या राहिल्या. आत यायला तयार नाहीत!

"लग्न लावाले भंतेजीले सांगितलं, मांडववाल्याले सांगितलं, अन् सख्ख्या आत्याले सांगा नाही वाटलं?"

"ताई, कोणालेच नाही सांगितलं..."

"मंग पोरगी काय पळवून देऊन राह्यली?"

एवढं बोलून ताई रडायलाच लागल्या. रडता रडता पिशवीतून त्यांनी चांदीचे पैंजण काढले. प्रज्ञाच्या लग्नात द्यायला म्हणून त्यांनी ते कधीचे जपून ठेवले होते. रागावल्या होत्या, तरी घेऊन आल्या होत्या! तेवढ्यात लताकाकू गल्लीतल्या बायांना घेऊन, बगलेत पोळपाट मारून हजर. लग्नघरी पापड लाटायला!

आता बोलून उपयोग नव्हता. मी सगळ्यांना गच्चीवर नेलं. झालरीखाली, वऱ्हाडी पंगतीला बसावेत तशा, ओळीने कुंड्या. प्रत्येक कुंडीत एकेक मान टाकलेलं रोप.

लताकाकूंनी हळूच विचारलं, "मूळ धरते म्हने ते... हे?"

आधी हसल्या वनमालाताई. अशा हसल्या की कठड्याला धरून खाली बसल्या! डोळे पुसत म्हणाल्या, "बाई माहे, टमाटर लावाचे पोळा झाल्यावर. पाऊस ओसरला का. उन्हाळ्यात नुसतं फूल झडते, फळ धरत नाही."

"तुम्हाले हे माहीत होतं?"

"साऱ्याइले माहीत असते वं! इचारून तं पाहाचं!"

बाया मात्र परत गेल्या नाहीत. घरून भिजवून आणलेलं पीठ वाया थोडंच घालवायचं? मांडवाखाली पोळपाट मांडले गेले, मी चहा करत राहिले, आणि ज्या उन्हाने माझे टमाटर मारले त्याच उन्हात पापड कडकडीत वाळले. ताई चार दिवस राहिल्या. जाताना पैंजण पुन्हा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "खरं लग्न काढशीन, तं मले पहिले सांगजो."

पोळ्यानंतर मी त्यांना विचारून नवी रोपं लावली. हिवाळ्यात टमाटर असे लगडले की कुंड्या कलल्या! मी कौतुकाने बादलीभर टमाटर डोणगावला पाठवले. त्याच दिवशी ताईंकडून एसटीने बादली आली. टमाटरांनी भरलेली! लताकाकूंच्या अंगणातही तेच. वेळेवर लावले की सगळ्यांचेच येतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे वरणात टमाटर, पोह्यात टमाटर, थालीपिठात टमाटर. काल ह्यांच्या हातात चहा दिला. ह्यांनी आधी कपात नीट वाकून पाहिलं, वास घेतला, आणि मगच घोट घेतला.