समोरची तार

चांगला निकाल हाती आला आणि माझं एका जागी बसणंच अवघड झालं.

मी बेळगावात संशोधन करते. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायला लागणारा उत्प्रेरक प्लॅटिनमशिवाय बनवायचा, हे माझं काम. प्लॅटिनम फार महाग. आमच्या बोरगावात पानं काढून झाली की तंबाखूची खोडं रानात तशीच पडून राहतात. ती हवा न लागू देता भाजून, थोडं कोबाल्ट घालून मी काळी पूड केली होती. तिचा लेप दिलेल्या कार्बनच्या कांडीतून वीज सोडली की आम्लाच्या पाण्यात बुडबुडे यायचे. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त.

माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, गावच्या बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला येणाऱ्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला फोनवर म्हणाले, "खोडातनं सोनं काढलीस की गं!"

मला मात्र जेवण जाईना. वापरून वस्तू झिजते. माझी पूड सुधारत का होती? प्रयोगशाळेतून निघायचे, कॉलेजच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. असंच एकदा परतून भांड्यापाशी उभी राहिले, तर नजर समोरच्या तारेवर गेली. वीज फिरायला पाण्यात दुसरी तार लागते. ती प्लॅटिनमची होती. तीच कणाकणानं विरघळून माझ्या पुडीवर बसत असेल, बुडबुडे प्लॅटिनमचेच असतील तर?

मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. लिहून होत आलेला लेख त्यांनी बाजूला सारला. "ती तार काढ. नवी कांडी घे, समोर ग्रॅफाइट लाव."

बुडबुडे आले, पण विरळ. दुसऱ्या दिवशीही तेवढेच.

"एवढंच आपलं," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी बोरगावला जाऊन आप्पांना सगळं सांगितलं.

"म्हंजे आपल्या खोडात काय न्हाय?"

"हाय की, आप्पा. मी म्हणत होते तेवढं न्हाय."

"मग बस्तीत काय सांगू?"

"हेच."

ते उठले. मग चप्पल घालून तडक बाहेर पडले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "सांगितलो. हसले काहीजण. आता पुढं काय करणार पोरगी, म्हणून इचारालेत."

मला तरी कुठं ठाऊक होतं? खोडं भाजताना आच वाढवून बघावी, की कोबाल्टच्या जागी लोखंड घ्यावं? आई रविवारी राहा म्हणत होती. राहवेना. सकाळीच निपाणी गाठली. बेळगावच्या गाडीत जागा होती, तरी वाटेतल्या संकेश्वरपर्यंत मी दाराशी उभीच होते.