ओंकारची पावलं

ओंकारच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि त्याचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. जेवणाच्या सुट्टीत तो डेस्कवरच कोसळला होता... मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांचा माझा मावसभाऊ. आता दोन महिने होतील.

सुधामावशीने त्याला सिंगापूरला शिकायला पाठवलं ते माझ्या भरवशावर. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली मधली खोली त्याची. विद्यार्थी असताना परीक्षा संपली की तो व्यायाम सुरू करणार होता, प्रोग्रॅमर झाल्यावर सॉफ्टवेअरचं रिलीज झालं की. कोडमधली एक चूक सापडेपर्यंत पाण्याचा घोट न घेणारा हा मुलगा छातीत दुखलं की, "ॲसिडिटी आहे गं ताई," म्हणून मोकळा व्हायचा. लाघवी होता, आणि तितकाच लबाड.

मागच्या वर्षी त्याच्या ऑफिसात पावलं मोजायची स्पर्धा निघाली. रोज दहा हजार. मी रोज सकाळी चालायला जाते, शनिवार-रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी, उन्हं वर येईपर्यंत. दाराशी मी बूट घालत होते, तर याने स्वतःचं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर बांधलं. "तू चालतेसच ना ताई? मग मलाही ने की बरोबर!" मी हसले आणि गेले. डाव्या हातावर माझं, उजव्यावर त्याचं. स्पर्धा संपली तरी हे चालूच राहिलं, कारण तोवर पुण्यात मावशीच्या फोनवर त्याची पावलं दिसायला लागली होती. ती बघून मधुमेह असलेली मावशीही चालायला लागली. "आज लेकाला हरवलं!" असा तिचा फोन आला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो... आणि गप्प बसायचो.

एकदा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, पुलाचे जिने चढताना तो कठड्याला धरून मध्येच थांबला. मीच ओढत क्लिनिकमध्ये नेलं. व्यायाम करतोस का, डॉक्टरांनी विचारलं. त्याने घड्याळातले आकडे पुढे केले. "व्हेरी गुड, कीप इट अप लाह!" डॉक्टर खास सिंगापुरी ढंगात खूश झाले, बाकीच्या तपासण्या सवडीने कर म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. त्याचं हसं नको, एवढाच विचार केला मी. घरी येऊन खूप रागावले. "सोमवारपासून नक्की," तो म्हणाला. सोमवारी दाराशी मी स्वतःच हात पुढे केला.

पुण्याला त्याचा देह घेऊन मी गेले. मावशी त्याचा हात कुरवाळत बसली होती. "अगं, उन्हातान्हात एवढा चालायचा... घड्याळाच्या पट्ट्याची साधी खूणसुद्धा नाही गं हातावर," ती म्हणाली. मी उजवी बाही खाली ओढून घेतली. त्याच्या सामानातलं घड्याळ तिने ठेवून घेतलं. आता तेच घालून ती चालते. ओंकारची पावलं पुरी करते म्हणते.

मावशी, वर्तमानपत्राची ही पुरवणी रविवारी तुझ्या हातात पडेल. समोर बसून सांगायचं धाडस मला झालं नाही. अजूनही सकाळी बूट घातले की माझा उजवा हात आपोआप पुढे होतो. त्याच्यावरचा फिकट पट्टा गेलेला नाही. तू शोधत होतीस ती खूण माझ्या हातावर आहे.