चूलबंद आवतन आणि तीनशे शहाऐंशी पत्ते

९ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ. वेबसाइटच्या जागेचे वर्षाचे भाडे ३,५४० रुपये, आगाऊ भरलेले. हजर तिघे: मी, बायको आणि मुलगी. मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. जिच्याकडून आम्ही ती जागा घेतली होती, त्या कंपनीने आमचे खाते बंद केले होते. कारण: न मागता एकगठ्ठा पाठवलेली ईमेल.

वेबसाइट आमच्या घरच्या तूरडाळीची. नवी डाळ झाली तसे मी आमच्या कर्मचारी संघटनेच्या यादीतून पत्ते उतरवले आणि सगळ्यांना एकच पत्र धाडले. आमच्या मंगरूळपीरकडे आवतन चूलबंद देतात. त्या दिवशी आवतन मिळालेल्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचे. एक घर सुटले तर वर्षानुवर्षे अबोला. त्याच धास्तीने मी यादी दोनदा मोजली होती.

"बाबा, कितीक जणाले धाडलं?"

"तीनशे शहाऐंशी. एकही सुटला नाही."

"सुटला नाही म्हणूनच त झालं हे!"

ती हसत नव्हती. तिची ईमेलही त्याच खात्यावर. अकोल्याच्या नोकरीची मुलाखत कधी, ते दोन दिवसांत त्याच पत्त्यावर कळणार होते. पत्र परत गेले तर त्यांना वाटणार, हिला नोकरी नकोच. तिथला फोन नंबरही तिच्याकडे नव्हता.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, ओळख आहे म्हणून चालत नाही. यातल्या कोणी पत्र मागितलं होतं, तेवढं लिहून पाठवा."

"लिहा ना तीनशे," बायको म्हणाली. "कोण पाहून राह्यलं?"

मी यादी घेऊन बसलो. 'नवी डाळ झाली का कळवजा' असे स्वतःहून म्हणालेले निघाले तेवीस. तेवढेच लिहिले. उरलेल्या तीनशे त्रेसष्टांनी मागितले नव्हते, त्यांची नावे खोडली, हेही लिहिले.

"झालं! आता बसा डाळ निवडत," बायको म्हणाली.

उत्तराची वाट पाहताना मी माझी स्वतःची, दुसऱ्या कंपनीकडची ईमेल उघडली. कर्ज घ्या, प्लॉट घ्या. आठवड्यात आलेली अशी एकेचाळीस पत्रे, एकही मी मागितलेले नाही. असली पत्रे धाडणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे शिव्या देत आलो होतो. कंपनीवरचा माझा राग तिथेच ओसरला.

चार वाजता खाते उघडले. या वेळी माफ, पुन्हा झाले तर कायमचे बंद. साडेपाचला अकोल्याचे पत्र आले: १२ तारीख, अकरा वाजता. मुलीने ते मोठ्याने दोनदा वाचले.

"आता तरी च्या घ्या," बायको म्हणाली. "तिसऱ्यांदा गरम करून राह्यली मी."

कंपनीला दंड शून्य. १२ तारखेला एसटीच्या कंडक्टरला दिले ते: माझे पूर्ण तिकीट १२१, मुलीचे महिला सवलतीचे अर्धे ६१, एकूण १८२ रुपये.