डेमो मॅडम कुठं बसतात?

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि त्यांचं काय करावं तेही कळत नाही. रहिमतपुरात चाळीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले. बालवाडीच्या पोरापासून दहावीच्या पोरीपर्यंत गावातली सगळी मापं माझ्या वहीत आहेत. त्यामुळं लहान पोरांच्या बाबतीत आपल्याला आता कुणी नवीन काही सांगायचं राहिलेलं नाही, असा माझा पक्का समज होता.

मग मी एक महिना सांगलीत राहिलो!

त्याचं झालं असं की, माझी मंडळी गेली त्याला दोन वर्षं झाली. एप्रिलमध्ये मुलगा संदीप न्यायला आला आणि म्हणाला, "आबा, महिनाभर राहून बघू. जमलं तर मग पुढचं ठरवू." जमलं तर! म्हणजे मी त्यांना सोसवलो तर, असं मी धरून चाललो. मशीनवर चादर टाकली, गाळामालकाला "महिन्यानं सांगतो" म्हणालो आणि निघालो. खोटं कशाला बोलू, मला परत जायचं नव्हतं. रिकाम्या घरात संध्याकाळी एकट्यापुरता चहा टाकायचा मला कंटाळा आला होता. पण 'मला ठेवून घ्या' असं स्वतःच्या पोराला तोंडानं म्हणायचं कसं?

काम मात्र मिळालं. नात शर्वी, वय साडेतीन. जूनच्या आत तिच्यासाठी चांगला क्लास निवडायचा होता आणि तोवर तिला दारोदार फिरवायची जबाबदारी माझी.

* * *

पहिल्याच दिवशी सूनबाई प्राजक्ता ऑफिसला जाता जाता म्हणाली, "आबा, शर्वीला साडेदहाला डेमो आहे, तेवढं नेऊन आणा."

विश्रामबागेत एक तीन मजली इमारत आहे, तिच्यात नुसते क्लासच. मी तळमजल्यावरच्या पोरीला विचारलं, "आवं ताई, डेमो मॅडम कुठं बसतात?"

"कुठला डेमो हवाय आजोबा?" म्हणत तिनं दाराकडं बोट केलं. दारावर मोठ्या अक्षरात 'डेमो'! शेजारी अबॅकसच्या दारावर 'डेमो'. वर नाचाच्या दारावर 'डेमो', चित्रकलेच्या दारावर 'डेमो'. मी चाटच पडलो. एकच बाई, आणि एवढं सगळं शिकवते?

जिन्याखाली एक बाक आहे. पोरं आत गेली की आजी-आजोबा तिथं टेकतात. त्यावर मुलाणी चाचा बसले होते. मिरज रोडला त्यांची रोपवाटिका होती, आता ती पोरं बघतात आणि चाचा नातू बघतात. मी घाम पुसत म्हणालो, "ही डेमो बाई लय हुशार दिसतीया!"

चाचा इतके हसले की त्यांची कवळी हलली. "आवं, डेमो म्हंजी बाई न्हाई! फुकट बगायला देत्यात त्याला डेमो म्हंत्यात. आवडलं तर ॲडमिशन घ्यायचं. न्हाई आवडलं तर 'बघू, कळवतो' म्हनायचं आन परत फिरकायचं न्हाई!"

शर्वी माझ्या मांडीवर बसून हे सगळं ऐकत होती.

* * *

पहिला डेमो फोनिक्सचा, चार दिवसांचा. म्हणजे इंग्रजी अक्षरांचे नुसते आवाज काढायचे. तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. चेहरा असा की पोरीनं खिडकीची काच फोडली असावी.

"आजोबा, शर्वीचा 'ह' कुठं गेला?"

"म्हंजी?"

"तुम्हीच ऐका. शर्वी, से हेन!"

"एन!" शर्वी म्हणाली.

"हॅट?"

"ॲट!"

"हाऊस?"

"आऊस!" शेवटचं तर तिनं खणखणीत म्हटलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "हिच्याशी घरी कोण बोलतं?"

"आमी."

"आमी नाही, आम्ही!"

"त्येच म्हंतोय की मी, आमी!" गप्प बसलो तर मी शिंपी कसला? म्हणालो, "आवं मॅडम, आमच्याकडं 'ह' लय जपून वापरत्यात. आमी-तुमीतला वाचवायचा आन हाय-न्हाईत घालायचा!"

मॅडम हसल्या नाहीत. "बघू, कळवतो," म्हणून मी पोरीला घेऊन बाहेर पडलो. संध्याकाळी प्राजक्ताला त्या मॅडमचा फोन आला. ती आत जाऊन बोलली, मग स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच आठवड्यात मी पोरीचा 'ह' घालवला होता!

* * *

मग आला मातीत खेळायचा क्लास. तुम्ही बरोबर वाचलंत. मातीत खेळायचा क्लास! त्याला फी, त्याला वेळ आणि बरोबर जादा कपडे.

काचेतून आम्ही बाकवाले बघत होतो. निळ्या टपात काळीभोर माती आणि भोवती आठ पोरं. मॅडम म्हणाल्या, "एन्जॉय!" आणि चाचांच्या नातवानं, रेहाननं, मूठभर माती उचलून थेट तोंडात घातली. चाचा ओरडत आत धावले, तर मॅडम टाळ्या वाजवत होत्या! "व्हेरी गुड रेहान!"

चाचांनी चिमूटभर माती घेतली, वास घेतला, जिभेला लावली. जन्म सगळा मातीत गेलेला माणूस. बाहेर येऊन सुन्न होऊन बाकावर बसले.

"काय झालं चाचा?"

"गड्या, ही माती न्हाई. चॉकलेटची पावडर हाय, पीठ कालवून केलीया."

दुसऱ्या दिवशी शर्वीनं आमच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतली खरी माती खाल्ली आणि मी ओरडलो तर मलाच म्हणाली, "व्हेरी गुड म्हना की!" आणि रेहानला तर त्या क्लासनं रंगीत सर्टिफिकेट दिलं. चाचांनी ते मला दाखवलं आणि म्हणाले, "आपुन माती खाल्ली तवा बापानं फोडून काढलं. ह्यांनी खाल्ली तर फ्रेम करून लावायची!"

* * *

एकदा बाकावर एक तरुण बाई येऊन बसली. हातात फॉर्म. मी आपला बोलायचं म्हणून विचारलं, "लेकराला घालायचंय?"

"हो ना. पुढच्या बॅचला नाव लावून ठेवतेय. खूप वेटिंग असतं हो."

"किती वर्साचं हाय?"

"सातवा महिना लागलाय."

"व्हय का! मग बसायला लागलं असंल की. संगं आनायचं न्हाई का?"

ती बाई लाजली. "आणलंय की काका." आणि तिनं पोटावर हात ठेवला.

मी उडालोच. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण जन्माच्या आधी कुणाचं माप घेतलं नव्हतं! फॉर्ममध्ये तर 'मुलाच्या आवडीनिवडी' असा रकाना होता. त्यात तिनं लिहिलं होतं, 'संगीत. रात्री लाथा मारतो.'

* * *

आता खरी भानगड सांगतो. तिसऱ्या मजल्यावर मेंदूचा क्लास होता. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं पुस्तक वाचतात म्हणे. संदीप ह्या क्लासवर फिदा होता. फॉर्म भरून खिशात ठेवला होता, फक्त डेमो बघायचा राहिला होता. रविवारी आम्ही सगळेच गेलो. हॉल गच्च भरलेला.

सरांनी सात-आठ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. मुलानं मान जराशी वर केली आणि धडाधडा वाचत सुटला. रंग ओळखले, नोटेवरचा नंबर सांगितला. लोकांच्या टाळ्या! माझ्याही अंगावर काटा आला.

पण माझी नजर होती पट्टीवर. काय ते शिवण! नाकापाशी चूण नाही, दोन्ही बाजूंना फुगलेली, खालनं बोटभर उजेड. माल असा ढिसाळ शिवून कुणी दिला असेल, ह्या विचारानं माझा जीव खालीवर व्हायला लागला. माझ्या खिशात सुईदोरा कायम असतो. मी सरळ पुढं गेलो.

"सर, पट्टी नाकापाशी नीट बसंना झालीया. पोराला तरास व्हत असंल. दोन टाके घालू द्या, दोन मिंटाचं काम हाय."

सर काही बोलायच्या आत मी पट्टी काढून घेतली. दोन चुणा घातल्या, आत रुमालाची घडी टाकली, दोरा दातानं तोडला आणि पट्टी परत बांधली. फिटिंग असं की नाव ठेवायला जागा नाही!

"आता वाच बाळा."

मुलानं मान वर केली. आणखी वर केली. मग रडक्या आवाजात म्हणाला, "सर, ह्यांनी भोक बुजवलं!"

देवाशपथ सांगतो, मी फसवणूक उघडी पाडायला गेलो नव्हतो. मी शिवण सुधारायला गेलो होतो! पण पालकांचा एकच कालवा झाला. खुर्च्या सरकल्या, सर मोबाईल कानाला लावून मागच्या जिन्यानं उतरले. संदीपनं खिशातला फॉर्म काढला आणि त्याचे चार तुकडे केले.

रात्री जेवण झाल्यावर नवरा-बायको आत कुजबुजत होते आणि मी पाणी प्यायला उठलो तशी कुजबुज थांबली. मला कळून चुकलं. चारचौघांत पोराला खाली बघायला लावलं होतं मी. आता कुठला हा म्हातारा घरात ठेवतोय!

* * *

त्यांच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. सोमवार ते शनिवार, तासातासाचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक क्लास. कुठं स्मायली, कुठं फुली, कुठं प्रश्नचिन्ह.

मी रोज त्या तक्त्याकडं बघायचो आणि जीव कासावीस व्हायचा. लहान पोराचा कपडा शिवताना आम्ही आतून चार बोटं कापड जास्त सोडतो. त्याला माया ठेवणं म्हणतात. पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. त्या तक्त्यात माया कुठंच नव्हती. मी प्राजक्ताला तसं बोलून दाखवलं. ती तक्त्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर चार चौकोन खोडलेले! आणि सगळ्यात खाली, तिच्याच अक्षरात, एक नवी ओळ.

'आबा – ?'

पोरीच्या क्लासच्या रांगेत मी! फोनिक्सला फुली, मातीला फुली, मेंदूला फुली आणि त्याखाली मी, अजून निकाल न लागलेला. मी कुणाला काही विचारलं नाही. बाकावर चाचांना सांगितलं, तर तेही गंभीर झाले. म्हणाले, "विचारून टाका की एकदा."

"आन न्हाई म्हनले तर?"



* * *

महिना भरला. घरात त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी 'जा' म्हणायची वेळ आणण्यापेक्षा आपण होऊन निघालेलं बरं, असं मी ठरवलं. रविवार होता. संदीप गाडी धुवायला खाली गेला होता, प्राजक्ता स्वयंपाकघरात होती. मी पिशवी काढली. दोन धोतरं, दोन सदरे घातले. वर कात्री आणि टेप ठेवली.

शर्वी आली आणि पिशवीवरच बसली.

"आबा, कुठं चाललाय?"

"रहिमतपूरला."

"का?"

"महिना झाला न्हवं का बाळा."

"परत कवा येनार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू. कळवतो."

झालं! पोरीचा चेहराच उतरला. त्या इमारतीतल्या एकूण एक दारात तिनं माझ्या तोंडून हे ऐकलं होतं आणि त्यानंतर त्या दारात आम्ही पुन्हा कधी गेलो नव्हतो.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी मान वर केली. प्राजक्ता पिठाच्या हातानं दारात उभी होती. तिनं आधी पिशवी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तिची नजर फ्रिजवरच्या त्या प्रश्नचिन्हाकडं वळली.

शर्वीनं माझा हात धरला आणि विचारलं,

"आबा, आमचा डेमो तुमाला आवडला न्हाई व्हय?"